चुंबकाचा तांब्या

कंग्राळी
५ जानेवारी २०२५, रविवार

आयुष,

जयभीम. तू मला फोनवर ब्लॉक केलंस. कर. टपालखात्याला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, आणि तुझ्या निपाणीच्या चुंबक-तांब्यांच्या केंद्राचा पत्ता तू स्वतःच पत्रकावर छापून घरोघर वाटला आहेस. ते पत्रक माझ्या मोटारपंपांच्या वर्कशॉपमध्ये ग्रीस पुसायला उपयोगी पडतंय.

समाजमंदिरातल्या तुझ्या कार्यक्रमात मी मध्येच उठलो ते तुला लागलं. सगळ्या गल्लीसमोर सख्ख्या मामानं विचारलं, "आयुष, पाणी चुंबकाला चिकटतं काय रं?" आणि तू माईकवरून म्हणालास, "मामा, तुम्ही जरा बाहेर बसा." मी बाहेर बसलो. पण कान आतच ठेवून बसलो. मोटारीच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावली की आतलं बेअरिंग काय रडतंय ते मला ऐकू येतं, तू तर स्पीकरवर होतास. तू म्हणालास, बुडात चुंबक बसवलेल्या या तांब्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी प्यालं की रक्तातली साखर उतरते. इथवर मी सोसलं. मग म्हणालास, इंग्रजी गोळ्या चालू ठेवल्या तर पाण्याचा गुण मारला जातो.

पहिल्या रांगेत तुझी आई बसली होती.

आक्कानं त्या दिवसापासून साखरेची गोळी बंद केली आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल चावून जखम झाली होती, ती भरत नाही. परवा बेळगावला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडून बघितली आणि मला बाजूला घेतलं. साखर उतरली नाही तर अंगठा ठेवता येणार नाही म्हणाल्या, आणि अंगठ्यावरच थांबेल याचीही खात्री नाही. आक्काला त्यांनी समजावून बघितलं. आक्का म्हणाली, "माझं पोरगं बीएस्सी झालंय."

आता तुझ्या मागणीचं. माझा रविवारचा मुलांचा वर्ग समाजमंदिरातून काढा, असं तू बुद्धप्रिय सरांना फोन करून सांगितलंस. सर कॉलेजात शिकवतात, समाजमंदिराची चावी त्यांच्याकडं, भांडण नको म्हणणारा माणूस. त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, वर्ग निघणार नाही. तू त्याच फरशीवर बसून शिकलास. तुला आवडत नाही म्हणून आता इतरांनी शिकू नये होय?

आज चुंबकाचा पहिला धडा झाला. मुलांना घरातल्या वस्तू आणायला लावल्या होत्या. मंगलची अक्षरा आहे ना, मागच्या गल्लीतली, सहावीतली, ती पितळेची समई घेऊन आली. म्हणाली, धातू आहे म्हणजे चिकटणार. चिकटली नाही. ॲल्युमिनियमचं झाकण नाही, तांब्याची तार नाही. खिळा चिकटला, रुपया चिकटला. स्टीलच्या दोन वाट्यांपैकी एक चिकटली, दुसरी नाही, त्यावर साईराज आणि ती हातघाईवर आली. मी दोघांना सांगितलं, मारामारी करू नका, स्टील एकाच जातीचं नसतं. मग साईराजनं विचारलं, "अण्णा, रक्तात लोखंड असतंय म्हणं. मग माझं बोट का चिकटत न्हाय?" मी म्हटलं, रक्तातलं लोखंड खिळ्यासारखं मोकळं नसतं, ते दुसऱ्याच गोष्टींत गुंफलेलं असतं, त्याला चुंबक ओढू शकत नाही. ओढू शकला असता तर माझा हात तरुणपणीच एखाद्या मोठ्या मोटारीला चिकटून बसला असता आणि आज मी तिच्यासकट हिंडलो असतो. मुलं हसली.

हसता हसता मी एक जाहीर करून टाकलं. १९ तारखेच्या रविवारी सगळ्यांसमोर तुझ्या पाण्याची परीक्षा. डोळे बांधून चव घ्यायची आणि चुंबकाचं पाणी कोणतं ते सांगायचं. तू पण ये. खुर्ची ठेवतो, आतच.

तुझा मामा,
यल्लाप्पा


कंग्राळी
२० जानेवारी, सोमवार

आयुष,

हरलो. तुला कळलंच आहे. तू 'मामांनीच सिद्ध केलं' असं लिहून तो व्हिडिओ लावलास, हे मंगलच्या फोनवर बघितलं. मला ब्लॉक करून माझंच तोंड सगळ्यांना दाखवतोस, धंदा चांगला शिकलास.

तू आला नाहीस म्हणून झालं कसं ते सांगतो. टेबलावर कागदी पेले मांडले. काहींत आक्काच्या तांब्यातलं पाणी, काहींत आमच्या घागरीतलं. बुद्धप्रिय सरांनी पेले मागेपुढे केले, आक्काच्या डोळ्यांवर तिचाच पदर बांधला. आक्का पहिला घोट घेऊन म्हणाली, "ह्यो माझा." दुसरा घेतला. "ह्यो घागरीचा." मग सरळ निघालीच. एकदाही चुकली नाही. शेवटी तर पेला नाकाजवळ नेऊनच सांगायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "अण्णा, तुम्हीबी दोन घोट घ्या, डोकं उतरंल." बुद्धप्रिय सर मिशीत हसले, ते मला बघायची गरज पडली नाही, त्यांचा श्वासच वेगळा झाला.

मी खुर्च्या आवरल्या आणि घरी आलो. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी अक्षरा आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "अण्णा, तुम्ही आम्हाला काय सांगितलतं?"

आदल्या रविवारी मी त्यांना खिळ्याचं चुंबक करायला शिकवलं होतं. खिळ्याला तार गुंडाळायची, तारेची टोकं सेलला लावायची, खिळा टाचण्या उचलतो. सेल काढला की सोडून देतो. पहिल्यांदा कुणाचंच चालेना. वायंडिंगची, म्हणजे मोटारीत गुंडाळायची तार वार्निशची असते, टोकं खरवडून उघडी केल्याशिवाय वीज आत शिरत नाही. हे तुलाही सात वर्षांचा असताना कळलं नव्हतं आणि रडकुंडीला आला होतास. टोकं खरवडल्यावर सगळ्यांचे खिळे चालू झाले. मग मी म्हटलं, आता ताकद वाढवून दाखवा. साईराजनं वेढेही वाढवले आणि सेलही एकाचे दोन केले. भरपूर टाचण्या उचलल्या. मी विचारलं, कशानं उचलल्या, वेढ्यांनी की सेलनं? त्याला सांगता येईना. तेव्हा मी नियम सांगितला होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

"मग?" मी अक्षराला म्हटलं.

"तुमची घागर स्टीलची हाय. आक्काआज्जीचा तांब्या तांब्याचा. चुंबक काढून टाकला असता तरी तिनं वळखलं असतं."

मी तिथंच ओट्यावर बसलो. माझ्या आईनं आयुष्यभर तांब्याच्या घागरीतलं पाणी पाजलं, त्याची चव माझ्या जिभेवर आहे, आणि मी परीक्षा मांडली ती अशी. इतकी वर्षं मोटारी बांधणारा माणूस सहावीच्या पोरीकडून वायंडिंग तपासून घेतो, ही तुला हसायची जागा आहे. हस. पण हसून झाल्यावर तिच्या बोलण्यात चूक काढून दाखव.

दरम्यान तुझ्या विजयाचा परिणाम असा झाला की आक्कानं उरलेल्या गोळ्यांची पाकिटं आणून माझ्या हातात दिली. "घे, तुझ्या मोटारीला घाल." अंगठ्याची कड निळसर झाली आहे. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन सुरू करू का विचारलं तर आक्का खाटेवरून उतरून चालायलाच लागली, लंगडत.

परीक्षा पुन्हा घेणार. दोन्ही तांबे तांब्याचे, एकात चुंबक, एक साधा. ९ फेब्रुवारी. व्हिडिओ काढायला तुझा माणूस पाठव, कॅमेरा चांगला असलेला.

यल्लाप्पा


३ फेब्रुवारी, सोमवार

आयुष,

बुद्धप्रिय सर वर्कशॉपला आले होते. उद्यमबागेत ते कधी येत नाहीत, पँटला तेल लागेल म्हणून स्टुलावर वर्तमानपत्र टाकून बसले. चहा घेतला, दुसरा घेतला, मग विषय काढला.

"यल्लाप्पाण्णा, आयुषचं म्हणणं आहे की घरचं भांडण समाजमंदिरात आणू नका."

"सर, तांब्या समाजमंदिरात कुणी आणला?"

"ते खरं. पण लोक म्हणतात मामा-भाच्याचं वैर आहे, मुलं उगीच मध्ये."

"मुलं मध्ये न्हाईत. मुलं पुढं हाईत. मीच मागं पडलोय, विचारा अक्षराला."

ते हसले. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, की माझ्याही घरी तांब्या आहे, बायकोनं घेतलाय. मी म्हटलं, असू द्या, तांब्यातलं पाणी प्यायला माझी ना नाही. मेथी खा, कारली खा, उशाला चुंबक घेऊन झोपा. माझं भांडण एका वाक्याशी आहे. गोळी बंद करा, या वाक्याशी. आयुषनं ते वाक्य मागं घेतलं तर मी उद्या परीक्षा रद्द करतो. सरांनी मान हलवली आणि चावी काढून माझ्या हातात ठेवली. "रविवारी मीच पेले भरतो," म्हणाले. "पडद्यामागं. तुम्हाला नको, तुमचा चेहरा सगळं सांगतो."

म्हणजे तुझी तक्रार फुकट गेली. चावी माझ्याकडं आहे.

आता तू वर्गात शिकला नाहीस असं एक सांगतो, कारण तेव्हा माझ्याकडं एवढा ताकदीचा चुंबक नव्हता. एका काडीच्या दोन टोकांना दोन द्राक्षं खोचली, काडी मधोमध दोऱ्यानं टांगली. वारा नको म्हणून समाजमंदिराची दारं लावली, पंखे बंद, मुलांना श्वास धरायला सांगितलं. मग द्राक्षाजवळ चुंबक नेला, अगदी जवळ, टेकू न देता. साईराज म्हणाला, आता येणार ओढून. द्राक्ष हळूच मागं सरकलं. चुंबक काढून दुसऱ्या बाजूनं नेला, तर पुन्हा त्याच्यापासून लांब. चुंबकाचं तोंड उलटं केलं, तरी लांबच. कुणाचाच विश्वास बसेना. प्रत्येकानं करून बघितलं, तेवढा वेळ दारं बंद, सगळे घामाघूम. द्राक्षात बहुतेक पाणीच असतं. पाण्याला चुंबक ओढत नाही, ढकलतो, तेही इतकं हलकं की दोऱ्यावर टांगल्याशिवाय दिसणार नाही. आणि चुंबक बाजूला केला की पाण्याला काही म्हणून आठवण राहत नाही. सेल काढल्यावर खिळ्याला जेवढी राहते तेवढीसुद्धा नाही.

हे मी तुला हरवायला लिहीत नाही. हे खरं आहे म्हणून लिहितो. मी पोरवयात फाउंड्रीत पितळेच्या किसातून लोखंडाचा कीस चुंबकानं वेगळा करायचो. दिवसभर तेच काम. मालकाला चुंबकाशी देणंघेणं नव्हतं, स्वच्छ पितळ पाहिजे होतं. मला चुंबक पाहिजे होता. ज्याला हात न लावता ओढता येतं त्याच्याकडून शिकायचं, असं मी तेव्हाच ठरवलं. त्यावर मी घर बांधलं, तुला कॉलेजात घातलं. त्याच चुंबकाच्या नावावर तू माझ्या बहिणीचा पाय घालवायला निघालास, आणि मी गप्प बसावं असं तुला वाटतं. नाही बसणार.

अंगठ्याला आता वास यायला लागला आहे. रोज पट्टी मीच बदलतो. तिला दुखत नाही. दुखत नाही म्हणून तिला बरं वाटतं, आणि दुखत नाही म्हणूनच डॉक्टरीणबाईंना भीती वाटते.

यल्लाप्पा


१० फेब्रुवारी, सोमवार

आयुष,

आज जरा मोकळ्या हातानं लिहितो.

काल समाजमंदिर भरलं होतं. तुझा कॅमेरावाला आला होता, चांगला पोरगा, चहा घेतला त्यानं. बाजारातून मी साधा तांब्याचा तांब्या आणला होता, आक्काच्या तांब्याएवढाच. दोन्हींत एकाच नळाचं पाणी आदल्या दिवसापासून भरून ठेवायचं ठरलं होतं, आणि ते सरांनी स्वतः भरलं, आपल्या घरी कुलपात ठेवलं. सगळं नीट झालं. सर पडद्यामागं जाणार इतक्यात अक्षरा उठली. हातात टाचण्यांची डबी.

"आधी तांब्या तपासायचा. त्यात चुंबक हाय का बघायचं, मग परीक्षा."

मी म्हटलं, बाई, त्यात चुंबक आहे म्हणून तर सगळं चाललंय. तरी बघ. तिनं आक्काच्या तांब्याच्या बुडाला टाचणी लावली. पडली. दुसरी लावली. पडली. तिनं तांब्या फिरवून फिरवून सगळीकडून लावून बघितलं. एका जागी एक टाचणी जराशी लटकली आणि पडली. तुझा कॅमेरावाला घाईघाईनं बॅगेतून नवा तांब्या काढून आला, त्याला टाचण्यांचा घोसच्या घोस लटकला.

मी आक्काकडं बघितलं. ती पहिल्या रांगेत खुर्चीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर.

"आक्का, तांब्याला काय केलंस?"

"काय करणार? सकाळी पाणी गार असतंय, दाताला झोंबतंय. ग्यासवर ठेवतो जरा येळ."

सगळे हसले, आक्कासुद्धा. मुलांना मी लगेच धडा घातला. शिवायची सुई चुंबकावर एकाच दिशेनं घासली, ती टाचणी धरायला लागली. मग पकडीत धरून शेगडीवर लाल होईपर्यंत तापवली, गार केली. टाचणी धरेना. चुंबकाच्या आत लहान लहान भाग सगळे एका दिशेला तोंड करून उभे असतात, म्हणून त्याची ओढ. उष्णता त्यांना हलवते, रांग मोडते. तुझ्या तांब्याच्या दुहेरी बुडात जे चकचकीत चुंबक आहेत ते तर उकळत्या पाण्याच्याही आधी दमायला लागतात. आक्कानं ते रोज सकाळी ग्यासवर ठेवले. म्हणजे गेले कित्येक दिवस तुझी आई नुसतं कोमट पाणी पीत होती, आणि तू निपाणीत सांगत होतास, माझ्या आईला बघा किती गुण आलाय.

परीक्षा घ्यायची गरजच उरली नाही. लोक आपापसांत बोलत गेले. बुद्धप्रिय सर जाताना म्हणाले, घरी जाऊन टाचणी लावून बघतो. तुझा कॅमेरावाला बॅग भरून गेला, व्हिडिओ तू लावणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

जिंकलो, आयुष. घरी आल्यावर भाकरी दोन जास्त खाल्ल्या.

यल्लाप्पा


११ फेब्रुवारी, मंगळवार

आयुष,

कालचं पत्र टपालात पडलं, ते तुला या पत्राच्या नंतर मिळेल. हे मी निपाणीला पंप पोचवायला निघालेल्या आमच्या टेम्पोतून पाठवतो. ते फाडलंस तरी चालेल, हे वाच.

सकाळी गोळ्यांचं पाकीट घेऊन आक्काकडं गेलो. म्हटलं आता काय, सगळ्यांसमोर ठरलं. ती स्वयंपाकघरात होती. तांब्या ग्यासवर. तोच. पेल्यात पाणी ओतून प्याली, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. गोळी पुढं केली तर हात मागं घेतला.

मी म्हटलं, "अगं, त्यात चुंबक उरलेला न्हाय. काल बघितलंस की."

"मला आधीपासनंच ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"पयल्यांदा माझी गोधडीची सुई त्याच्या बुडाला चिकटायची. संक्रांतीपासनं चिकटायची बंद झाली. मला काय कळत न्हाय व्हय रं? तुझीच भण हाय मी."

"मग काल समाजमंदिरात का बोलली न्हाईस?"

"तू एवढ्या खुर्च्या मांडल्यात्यास."

मी खाली बसलो. म्हटलं, पाण्यात काही नाही हे ठाऊक आहे, अंगठा काळा पडतोय हे दिसतंय, मग हा हट्ट कशाचा? ती भांडी पुसत राहिली. मग जे बोलली ते तिच्याच शब्दांत देतो, माझं एक अक्षर त्यात नाही.

"नोकरी गेल्यापासनं पोरगं गप झालतं. फोन न्हाय, सणाला येणं न्हाय. मी केला तर उचलत नव्हतं. तांब्या घेऊन आलं तवा वरसानं त्येचं तोंड बघितलं. आता रोज सकाळी सातला फोन करतंय. आई, पाणी प्यालीस का. गोळी न्हाय ना घेतलीस. एवढंच इचारतंय आणि ठेवतंय. मी काय त्येला लबाड सांगू? पाणी न पिता प्यालो म्हणू? गोळी घेऊन न्हाय म्हणू? पोराला लबाड सांगून सकाळ उजडायची व्हय?"

आयुष, मी तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. आक्काची आणि माझी भिंत एकच आहे. रोज सातला तुझा फोन येतो हे मला ऐकू यायचं. तिचं "व्हय रं, व्हय रं" ऐकू यायचं. चारही पत्रांत मी ते मुद्दाम गाळलं, कारण ते लिहिलं असतं तर तुझ्या बाजूची एक तरी गोष्ट कागदावर आली असती, आणि मला ती नको होती. रोज फोन करायचा हे तुला तांबे पुरवणाऱ्या कंपनीनं शिकवलं असेल. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. आक्काला त्याचं काही नाही. मला आहे, पण माझा अंगठा काळा पडत नाहीये.

केंद्र बंद कर असं मी इथं लिहीत नाही. ते मी तोंडावर म्हणेन, भेटशील तिथं म्हणेन. तांब्या खोटा आहे हे कबूल कर असंही म्हणत नाही. माझ्याशी बोलू नकोस, ब्लॉक तसाच राहू दे. उद्या सकाळी सातला फोन करशील तेव्हा तिला विचार, आई, गोळी घेतलीस का. बस्स. ती घेऊन येईल आणि तुला खरं सांगेल. डॉक्टरीणबाई म्हणतात अजून थोडी आशा आहे, पण आठवडाभराची नाही.

आणि विचारलं नाहीस तर एवढं लक्षात ठेव. येत्या रविवारचा वर्ग निपाणीला होईल, तुझ्या केंद्राच्या पायऱ्यांवर. मुलं, टाचण्या, द्राक्षं, शेगडी, सगळं घेऊन येतो. टेम्पो माझाच आहे.

गोळ्यांचं पाकीट आक्काच्या खिडकीत ठेवलं आहे.

यल्लाप्पा


१३ फेब्रुवारी, गुरुवार

आयुष,

काल सकाळी सातला मी भिंतीला कान लावून बसलो नव्हतो. तशी गरज नसते.

तुझा फोन वाजला, तिनं उचलला. "व्हय रं. प्यालो." नंतर काही नाही. मला वाटलं झालं, ठेवला असशील, आता रविवारसाठी शेगडी भरायची. मग तिचा आवाज आला. "काय म्हणालास?" थोड्या वेळानं पुन्हा, "परत म्हण." तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही, इतके चांगले कान माझेही नाहीत. ती म्हणाली, "तूच नको म्हणालतास की." मग बराच वेळ तूच बोलत असावास, कारण ती नुसतं हूं हूं करत होती, आणि एकदा नाक ओढलं.

आजही तू फोन केलास. आजही विचारलंस. दुपारी तिला दवाखान्यात नेलं, इंजेक्शनलाही हो म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याचं काळं तासून काढलं. अंगठा राहील की जाईल ते सोमवारी कळेल. पायाचं त्या बोलल्या नाहीत, ते चांगलं लक्षण समजायचं असं मी ठरवलं आहे.

तू विचारलंस म्हणून माझं मत बदललं असं समजू नकोस. निपाणीत आणखी किती जणांच्या आयांनी गोळ्या सोडल्या असतील, त्यांना तू काय सांगणार आहेस, हे मी तुला विचारतच राहणार. रविवारचा वर्ग कंग्राळीतच आहे, दहाला. या वेळी तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर करून दिवा लावायचा आहे. वीज चुंबक बनवते ते झालं, आता चुंबकानं वीज बनवायची. साईराज म्हणतो होणारच नाही. यायचं तर ये, मागं बसायला जागा आहे.

कालचं एक सांगायचं राहिलं. फोनवर ती शेवटी म्हणाली, "थांब, ठेवू नगंस, हितंच ऱ्हा." तिची लंगडती पावलं खिडकीपर्यंत गेली. मग भिंतीपलीकडून गोळीचं पाकीट फुटल्याचा आवाज आला.

यल्लाप्पा